देवळीतली बाटली

पथारीवरून माय घरी यायची, तेव्हा तिच्याआधी मिरचीचा ठसका ओसरीवर यायचा. हिवाळ्याच्या सुमारास नंदुरबारात लाल मिरचीचे ढीग येतात. गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर, म्हणजे पथारीवर, ती वाळत पडते आणि त्या लाल पसाऱ्यात बायका दिवसभर देठ खुडत बसतात. रात्री मायच्या हातांची आग आग व्हायची. नुसत्या पाण्यानं ती शमत नसे. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, हे मला कॉलेजात कळलं. मायला ते हातांनी शिकवलं होतं. देवळीतल्या बाटलीतलं महूचं तेल ती तळव्यांना चोळायची, फडक्यानं पुसून काढायची आणि मगच साबण लावायची.

ती बाटली सातपुड्यातून यायची. उन्हाळ्यात महूची फुलं वेचून होतात, पावसाच्या तोंडावर फळं पिकतात. त्यांच्या बिया फोडून, वाळवून घाण्यावर तेल काढतात. पिवळसर, उग्र वासाचं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. डाब-तोरणमाळकडे पहाटेचं दव गोठतं, त्या दिवसांत आमची बाटली चुलीपाशी बसलेली असे. फुटलेल्या टाचा, उललेले ओठ, कोपरांवरची खरबरीत कातडी, माझे राठ केस, सगळ्यांना तेच तेल. कधी कालवणाला फोडणीही त्याचीच. अंगावर इतक्या ठिकाणी ते चालतं, कारण करतं एकच: कातडीतला ओलावा धरून ठेवतं. कुठे लावायचं नाही, हेही मायला पक्कं माहीत होतं. पुटकुळ्या आलेल्या चेहऱ्याला नाही, ओल्या जखमेला नाही. उन्हात जाताना तेलावर भिस्त नाही, डोक्यावरून पदर. खवट वास आला की ते तेल दिव्याला.

एकटीच अनेक कामं करणारी वस्तू म्हटली की मला ही बाटली आठवते. आणि तिच्यामागोमाग ती ट्यूब.

माझ्या आत्तेबहिणीच्या कमरेला गजकर्ण झालं. दुकानदारानं चिठ्ठी न मागता ट्यूब दिली: खाज, बुरशी, जंतू, सगळ्यांवर एकच. चार दिवसांत खाज थांबली. पुढे चट्टे दुप्पट पसरले. तोवर रंग उजळतो म्हणून तिनं ती गालांनाही लावली होती. त्यात स्टिरॉइड होतं. ते खाज दाबतं, पण अंगाची प्रतिकाराची ताकदही दाबतं, म्हणून बुरशीला रान मोकळं मिळतं. रोज लावलं तर चेहऱ्याची कातडी पातळ होते, उन्हात लालबुंद होते. अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारनं 2018 साली केला. तरी ती मिळतात, याचा मला राग येतो.

तेलाचा गुण एक आणि जागा अनेक. ट्यूबमध्ये औषधं तीन, आणि त्यातलं आपल्याला नेमकं कोणतं हवं, ते घेणाऱ्याला ठाऊक नसतं. हा फरक मायनं शब्दांत कधी सांगितला नाही, पण ती ट्यूब बघून ती म्हणाली होती, ‘यात काय काय घातलंय, ते तर विचार आधी.’

घरात अशी ट्यूब असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं एखादं नाव दिसलं, तर ती चेहऱ्याला लावू नका. आणि बरेच दिवस लावत असाल, तर मनानं एकदम बंदही करू नका. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.