पहिली ओळ एसएमपीएसची

अक्कलकोटला स्वामींच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या जुन्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सातबारा, पीक विमा, सीईटीचे फॉर्म ही इथली रोजची कामं. गुरुवारी बाहेरगावच्या भक्तांची गर्दी असते, जुलैत आसपासच्या गावांतले शेतकरी विम्याच्या अर्जासाठी रांग लावतात. खोली लहान. त्यात झेरॉक्सचं मशीन, प्रिंटर आणि फोटोसाठी लावलेला पांढरा पडदा. टेबलाखालचा मोठा सीपीयू गिऱ्हाइकांच्या पायात यायचा आणि रस्त्यावरची धूळ ओढून घ्यायचा. त्याचं वय झालं, तेव्हा मी ठरवलं की नवा कॉम्प्युटर काउंटरवर प्रिंटरच्या शेजारी मावेल एवढाच घ्यायचा.

लहान कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की सगळे प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीबद्दल बोलतात. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबरोबर येतोच, म्हणून त्याची चौकशी कुणी करत नाही. मला मात्र तिथूनच सुरुवात करायची होती, कारण आमच्या सॉकेटमध्ये वीज कशी येते ते मी रोज बघते. संध्याकाळी सगळ्यांचा वापर एकदम वाढला की मल्टिमीटरवर १७५ व्होल्ट दिसतात, मध्यरात्री तेच २५० ला टेकतात. पावसाळ्यात तर लाईट डोळ्याची पापणी लवेपर्यंत जाते आणि येते. एखाद्या शेतकऱ्याचा अर्ज शेवटच्या पानावर असताना कॉम्प्युटर बंद पडला, तर कागद पुन्हा स्कॅन करा, ओटीपी पुन्हा मागवा, आणि तोवर त्याची गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते. त्या अर्जावर त्याच्या वर्षाच्या पिकाची भरपाई अवलंबून असते. म्हणून भिंतीतली वीज आणि मदरबोर्ड यांच्या मध्ये बसणारा तो डबा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा होता.

माझा पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. फोनवर तो म्हणाला, "काकू, आधी किती वॉट लागतात ते आपणच मोजू. दुकानदाराचा आकडा नंतर ऐका."

आम्ही वही घेऊन बसलो. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी ठरला होता. त्याच्यातच ग्राफिक्स असतं, त्यामुळे वेगळं कार्ड नको. त्याच्यावर ६५ वॉट लिहिलेलं असलं, तरी कामाच्या भरात तो ८८ वॉटपर्यंत घेऊ शकतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून वीस-पंचवीस. बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि वेबकॅम यूएसबीवर चालतात. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून जास्तीत जास्त अडीच वॉट जातात. प्रिंटर आणि मॉनिटर वेगळ्या प्लगवर. बेरीज १२० वॉटच्या आसपास आली, आणि तीही सगळं एकदम जोरात चालू असताना. फॉर्म भरताना यंत्र त्याच्या निम्म्यावरही नसतं.

ही बेरीज घेऊन मी सोलापूरला गेले. एका दुकानात कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस दाखवला. त्यावर मोठ्या अक्षरांत ४५० छापलं होतं. मी तो उलटा करून लेबल वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा म्हणजे १६८ वॉट. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि पंखे, म्हणजे जवळजवळ सगळा मोठा भार, १२ व्होल्टच्या तारेवर असतो. तेव्हा खरी ताकद त्या रकान्यातून कळते. मोठ्या अक्षरांतला ४५० हा मॉडेलचा क्रमांक होता, त्याच्यापुढे वॉट असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. शिवाय मागे लाल रंगाचा ११५/२३० असा सरकता खटका होता. आपल्याकडच्या विजेवर तो खटका चुकून ११५ वर गेला तर एसएमपीएस तिथल्या तिथे फुटतो. माझ्या काउंटरवर लहान मुलांचे हात पोचतात. तो पर्याय तिथेच संपला.

मग आकाराचा प्रश्न आला. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस इंटेलने १९९५ साली आणलेल्या मापाचा. तो १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो आणि साधारण १४० मिलिमीटर खोल. माझा मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे व्हिया कंपनीने २००१ साली आणलेला १७० बाय १७० मिलिमीटरचा चौकोन. एवढ्याशा बोर्डाशेजारी जुन्या मापाचा एसएमपीएस ठेवला, तर डबा लहान करण्याला अर्थच राहत नाही. लहान मापांचे चार पर्याय समोर होते, आणि प्रत्येकाचा विचार मी माझ्या खोलीत उभं राहून केला.

पहिला पर्याय पिकोचा. बोटाएवढी पट्टी थेट मदरबोर्डच्या २४ पिनांत बसते आणि लॅपटॉपसारखा अडॅप्टर बाहेर राहतो. पंखा नाही, आवाज नाही, जागा जवळजवळ शून्य. पण या पट्ट्या साधारण १२० ते १६० वॉटच्या असतात. माझी बेरीजच १२० ची, आणि मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा ४२ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत काठावर चालणारा अडॅप्टर मला नको होता. ३५ वॉटचा प्रोसेसर आणि थंड खोली असेल, तर मी हाच घेण्याचा सल्ला देईन.

दुसरा फ्लेक्स एटीएक्स. हा ८१.५ मिलिमीटर रुंद, ४०.५ उंच आणि १५० लांब, म्हणजे अर्ध्या लिटरचा डबा. पातळ सर्व्हरांतही हा वापरतात. त्याचा पंखा ४० मिलिमीटरचा असतो. एवढ्या लहान पात्यांना पुरेशी हवा ढकलायची तर फार वेगाने फिरावं लागतं, त्यामुळे बारीक किणकिण दिवसभर कानाशी राहते. धूळ बसली की ती किणकिण वाढते. आमच्या रस्त्यावर धूळ आहे, शेजारच्या दुकानांतून उदबत्ती-धुपाचा धूर येतो, आणि त्याचा चिकट थर पंख्यांवर बसलेला मी जुन्या मशीनमध्ये पाहिला होता.

तिसरा टीएफएक्स, ऑफिसांतल्या सडपातळ डेस्कटॉपमध्ये असतो तो. ८५ मिलिमीटर रुंद आणि ६५ उंच असला, तरी लांबी १७५. डबा पातळ होतो पण लांब होतो, आणि माझा काउंटर अरुंद.

चौथा एसएफएक्स. १२५ मिलिमीटर रुंद, ६३.५ उंच, १०० खोल. म्हणजे ०.८ लिटर, नेहमीच्या एटीएक्सच्या निम्म्याहून कमी. पंखा ८० किंवा ९२ मिलिमीटरचा, त्यामुळे आवाज सोसवणारा. कॉर्सेअर, कूलर मास्टर, सिल्व्हरस्टोन अशा कंपन्या या मापात चांगला माल करतात. पण माझा कौल त्याच्याकडे वळला तो वेगळ्याच कारणाने. तो बिघडला तर दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा एसएफएक्स त्याच भोकांत बसतो. आणि उद्या मला मोठं कॅबिनेट घ्यावं लागलं, तर एका पत्र्याच्या पट्टीने तोच एसएमपीएस एटीएक्सच्या जागी लागतो. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार छोट्या डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस आणि त्याचे कनेक्टर त्यांच्याच घडणीचे असतात, बाजारातला दुसरा चालत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीजवळ किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडजवळ राहणाऱ्याला असा सुटा भाग शोधता येईल. अक्कलकोटहून सोलापूर चाळीसेक किलोमीटर, आणि तिथेही तो मिळेलच असं नाही. तालुक्याच्या गावात सगळ्यात लहान वस्तूपेक्षा सहज बदलता येणारी लहान वस्तू जास्त कामाची.

चांगले एसएफएक्स बहुतेक ४५० वॉटपासून पुढेच मिळाले. १२० वॉटच्या यंत्राला एवढा कशाला, हा प्रश्न मीही पुतण्याला विचारला. त्याने दोन बाजू सांगितल्या. ८० प्लस हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र २००४ पासून आहे. २३० व्होल्टच्या विजेवर गोल्ड दर्जासाठी निम्म्या भारावर ९२ टक्के आणि २० टक्के भारावर ९० टक्के कार्यक्षमता लागते. त्याखालच्या भाराला गोल्डमध्ये मोजमापच नाही. माझं मशीन बराच वेळ त्याखालीच राहणार, म्हणून तेवढा फायदा गृहीत धरायचा नाही. मग आम्ही बिलाचाही हिशोब केला. सरासरी ५० वॉटचं काम, रोज दहा तास, वर्षाला तीनशे दिवस. ७५ टक्क्यांचा एसएमपीएस आणि ९० टक्क्यांचा, यांत वर्षाला तेहतीस युनिटांच्या आसपास फरक. एवढ्यासाठी कुणी महाग माल घेऊ नये. पण वाया जाणारी वीज उष्णता होऊन त्याच लहान डब्यात राहते, आणि फरक तिथे पडतो. आतल्या कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर आणि पूर्ण ताकद ४० किंवा ५० अंश तापमानाला देण्याची हमी, या दोन गोष्टी मी लेबलापेक्षाही आधी विचारल्या.

दुसरी बाजू मला अधिक पटली. लाईट गेली आणि मशीनला जोडलेला यूपीएस बॅटरीवर आला, या दोन्हींच्या मध्ये काही मिलिसेकंद जातात. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या पोटातल्या मोठ्या कपॅसिटरवर तग धरायचा असतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंद धरतो. भार त्याच्या चौथाईवर असेल तर तोच कितीतरी जास्त वेळ धरतो. म्हणजे जास्तीचे वॉट मला ताकद म्हणून नको होते, ते त्या पापणी लवण्याएवढ्या काळासाठी हवे होते. शिवाय ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे आत येणारा प्रवाह सुधारणारं सर्किट, असलेला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे संध्याकाळच्या १७५ व्होल्टची काळजी मिटते. २५० व्होल्टच्या रात्री दुकान बंद असतं आणि प्लग काढलेला असतो.

पीएफसीबरोबर एक अडचणही येते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर पायऱ्या-पायऱ्यांची लहर देतात आणि काही पीएफसी एसएमपीएसना ती मानवत नाही. म्हणून मी मशीन जोडल्यावर एकही अर्ज उघडला नव्हता, तोवरच प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून मेन स्विच पुन्हा पुन्हा बंद केला. मशीन चालूच राहिलं. घरातला इन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी त्याचा खटका यूपीएसवर ठेवावा. नॉर्मलवर तो फार कमी व्होल्टेज येईपर्यंत थांबतो आणि बदलायलाही जास्त वेळ घेतो.

यंत्र बसवण्याआधी आमच्या वायरमन मामांना बोलावलं होतं. त्यांनी सॉकेट उघडला आणि म्हणाले, "वहिनी, तीन पिनांचा बोर्ड हाय, पण तिसऱ्या पिनेत वायरच न्हाई की!" जुन्या कॅबिनेटला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्यांचं कारण तेच होतं. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर धातूच्या डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा अल्प प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर डब्यावर जवळजवळ निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. मामांनी परसात खड्डा घेतला, तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलं. आमची जमीन कोरडी, म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला सांगितलं. नंतर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरने दोन व्होल्टच्याही आत दाखवलं. एसएमपीएस कितीही महाग असो, अर्थिंग नसेल तर त्यातली निम्मी सुरक्षा कामच करत नाही.

जोडणी पुतण्याने व्हिडिओ कॉलवर करून घेतली. एसएफएक्सच्या तारा आखूड असतात, म्हणून कॅबिनेटमधलं अंतर आधीच दोरीने मोजलं होतं. सुट्या तारांबद्दल त्याने बजावलं, "काकू, दुसऱ्या कंपनीची तार कधी लावू नका, बसली तरी." मदरबोर्डकडचं टोक सगळीकडे सारखं असलं, तरी एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. चुकीची तार लावली तर एसएसडी जळते आणि तिच्याबरोबर लोकांची कागदपत्रंही जातात. चालू केल्यावर व्होल्टेज मोजली. १२ ची तार ११.४० ते १२.६० च्या आत हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५. दोन्ही जागेवर होत्या, भार टाकल्यावरही.

तेव्हापासून दोन विमा हंगाम गेले. आता शेजारचा फोटो स्टुडिओवाला, क्लासवाले सर, लॉजचे मॅनेजर मला विचारायला येतात. मी त्यांना कंपनीचं नाव आधी सांगत नाही. घरात अर्थिंग आहे का, दिवसभरात व्होल्टेज किती खाली जातं, यंत्राची बेरीज किती वॉट आणि खोली किती तापते, एवढं वहीत लिहून आणायला सांगते. या चार उत्तरांवरून माप आणि ताकद जवळजवळ आपोआप ठरते.

छोट्या गावात सरकारी कामाचा रस्ता आता अशाच एखाद्या खोलीतल्या कॉम्प्युटरमधून जातो. तो बंद पडला तर नुकसान दुकानदाराच्या आधी रांगेतल्या माणसाचं होतं. म्हणून माझं सगळ्या दुकानदारांना सांगणं आहे की लहान मशीनचं कोटेशन मागताना पहिली ओळ एसएमपीएसची लिहून घ्या, आणि तिच्यात १२ व्होल्टचे अँपिअर लिहायला लावा. जो विक्रेता तो आकडा लिहून देणार नाही, त्याच्याकडून बाकीचंही घेऊ नका.