आधी ब्रेक, मग रंग

"लोकांच्या मुली सोनं घेतात, साड्या घेतात. तू चक्क ट्रक घेतलास?" आईने फोनवर एवढंच विचारलं आणि फोन अप्पांकडे दिला. अप्पा काहीच बोलले नाहीत. नुसतं "हं" म्हणाले आणि फोन ठेवला.

तुम्हीही आईसारखंच विचाराल, म्हणून आधी सांगते. लष्कराने लिलावात काढलेल्या जुन्या गाड्यांचं पुढे काय होतं, यावर लेख लिहायचा म्हणून मी गेल्या वर्षी फिरत होते. फलटणजवळ एका बागायतदाराच्या गोठ्यामागे ती उभी होती. निस्सान वन-टन! जपानी कंपनीच्या परवान्यावर जबलपूरच्या सरकारी वाहन कारखान्यात बनलेला, चारही चाकांना ताकद मिळणारा छोटा लष्करी ट्रक. प्रसिद्ध 'जोंगा' याच कारखान्यातली. बागायतदाराने कधीकाळी डाळिंबाचे क्रेट वाहायला तो विकत घेतला होता. चारेक किलोमीटरला लिटरभर पेट्रोल पिणारं सहा सिलिंडरचं इंजिन पाहून त्याने लवकरच हात टेकले होते. कागदपत्रं मात्र जागेवर होती. दाराच्या आतल्या बाजूला, रंगाच्या पापुद्र्याखाली, जुन्या लष्करी नंबराचा वर तोंड केलेला बाण आणि त्यापुढे ८४ हा आकडा अजून वाचता येत होता. ८४ म्हणजे १९८४, गाडी सैन्यात दाखल झाली ते साल.

आमचे अप्पा ई.एम.ई. कोरमध्ये व्हेइकल मेकॅनिक होते. चोवीस वर्षांची नोकरी करून २००१ साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. अल्बममध्ये त्यांचा एक फोटो आहे. अशाच वन-टनच्या बॉनेटवर हात टेकून उभे, तरुण, हसरे. गेली दोन वर्षं त्यांचे हात थरथरतात. चहाची बशी वाजते म्हणून ते पाहुण्यांत बसत नाहीत. ट्रक मी अप्पांसाठीच घेतला. त्यांना मात्र तसं सांगितलं नाही.

क्रेनला बांधून गाडी साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आली. सैन्यात माणूस नाही असं घर आमच्या भागात शोधावंच लागतं. त्यामुळे बघायला निम्मं गाव लोटलं. अप्पा गाडीभोवती एकदा फिरले, मागच्या चाकापाशी थांबले आणि घरात निघून गेले. मी हिरमुसले. आई म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?"

माझे बेत मोठे होते. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचं आणि मूळचा हिरवा रंग झगमगीत करायचा. शहरातला एक मेकॅनिकही बोलावला होता. तो आकडा सांगत असतानाच अप्पा बाहेर आले. "इंजिन बदलायचं तर आर.टी.ओ.ची परवानगी लागते. ती आणलीय का?" मेकॅनिक गप्प. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तो हिरवा रंग सैन्याच्या गाड्यांनाच लावता येतो. कायदाच आहे तसा. रंगाचं नंतर बघू. आधी ब्रेक."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या परसात 'फर्स्ट परेड' सुरू झाली. फर्स्ट परेड म्हणजे गाडी बाहेर काढण्याआधी दररोज करायची तपासणी. तेल, पाणी, हवा, पट्टा, नटबोल्ट. गाडी जागची हलत नव्हती, तरी अप्पा सकाळी सहाला हजर! मी शनिवार-रविवारी पुण्याहून यायची आणि त्यांच्या हाताखाली काम करायची. पेट्रोलची टाकी उतरवली, आत बारीक खडी घालून हलवून हलवून गंज काढला. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग नवी ओढली. पेट्रोलचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे पडदे बदलले, कारण आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आईने नारळ फोडला. अप्पा नुसते म्हणाले, "पळेल. पण थांबणार कशी?"

ब्रेकवर आम्ही तीन महिने घालवले. गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि त्या सगळ्यांना तेल पुरवणारी वाट एकच. कुठेही एक थेंब गळू लागला की चारही चाकांचे ब्रेक धोक्यात. अप्पांनी दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवायचं ठरवलं. पुढच्या चाकांची वाट वेगळी, मागच्यांची वेगळी. एक गेली तरी दुसरी गाडी रोखते. सोबत पाय हलका करणारा बूस्टर. ड्रम लेथवर टर्न करून आणले, लाइनर नवे, व्हील सिलिंडरची रबरं नवी.

शेवटी राहिलं हवा काढणं. हे काम दोघांचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा निपल सैल करून हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे आणि पेडल सोडण्याआधी तो आवळायचा. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. अप्पा खाली शिरले. पाना निपलवर बसेना. दोनदा घसरला. तिसऱ्यांदा मी खाली वाकले, तर अप्पा पाना छातीवर ठेवून नुसते पडले होते. म्हणाले, "बाई, तू ये खाली. मी पेडलवर बसतो."

मी गाडीखाली, अप्पा सीटवर. "दाबलं." मी सैल करायची. "धरलंय." मी आवळायची. "सोडलं." मधेच त्यांचा आवाज थांबला आणि वरून, माझ्याकडे न बघता, ते बोलू लागले.

१९८७ साल, पहाडी भाग. संध्याकाळच्या तपासणीत एका वन-टनचं पेडल जरा मऊ लागलं. अप्पांनी हवा काढली, पेडल ठीक वाटलं. रबर बदलायला हवं होतं, पण गाडी पहाटेच निघायची होती. परत आली की बदलू म्हणून त्यांनी वहीत सही केली. उतारावर पेडल तळाला गेलं. ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या अंगाला घातली, म्हणून मागचे जवान वाचले. त्याचा स्वतःचा पाय मात्र गुडघ्यापासून गेला.

"चौकशीत माझ्यावर काही आलं नाही," अप्पा म्हणाले. "पण सही माझी होती."

तोंडावर ब्रेक ऑइलचे थेंब पडत होते. ते पुसायला मी जरा जास्तच वेळ घेतला. आईला विचारलं, तर तिलाही हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं घाटातून एस.टी. उतरताना अप्पा समोरचा दांडा का घट्ट धरतात, ते दोघींनाही त्या दिवशी कळलं.

डिसेंबरात फिटनेस तपासून घेतली आणि एका रविवारी आम्ही यवतेश्वरचा घाट चढलो. मी चालवत होते, अप्पा शेजारी. वर थांबून चहा घेतला. उतरताना अप्पा म्हणाले, "खालच्या गिअरमध्ये ठेव. ब्रेकवर सगळा भार टाकू नको." वळणावळणावर खाली सातारा दिसत होतं. मी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण एवढं दिसलं की अप्पांचे दोन्ही हात मांडीवर होते. थरथरत होते, पण दांडा धरलेला नव्हता.

पायथ्याशी गाडी बाजूला घेतली. अप्पा उतरले आणि एकेका चाकापाशी वाकून तळहाताची मागची बाजू ड्रमजवळ नेऊन ऊब बघत गेले. एखादं चाक जास्त तापलं, तर तिथला ब्रेक अडकतोय असं समजायचं. गार राहिलं, तर तो लागतच नाही. मागच्या डाव्या चाकापाशी ते सगळ्यात जास्त वेळ थांबले.

"चारी सारखे," ते म्हणाले. मग हात झटकत, कित्येक दिवसांनी त्या फोटोतल्यासारखं हसत, "चल. आता रंगाचं बघ."