महेश्वरची ओली पायरी

इंदूरहून महेश्वर सुमारे ९० किलोमीटर. महू आणि मानपूर मागे पडले, की माळव्याचे पठार संपते व घाट उतरून गाडी निमाडात शिरते. या वाटेने शाळेच्या सहली घेऊन आम्ही अनेकदा गेलो आहोत. परंतु गेल्या मार्गशीर्षात गेलो, तेव्हा आमच्या खिशात एक कागद होता.

भाद्रपदात स्कूटरवरून पडण्याचे निमित्त झाले. बरगडी मोडली की काय, हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन केले. बरगडी शाबूत होती. पण उजव्या फुप्फुसात ७ मिलिमीटरची, तुरीच्या दाण्याएवढी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, "अशा गाठी पुष्कळांना असतात. बहुतेक निरुपद्रवी; जुन्या क्षयाचा किंवा दुसऱ्या संसर्गाचा वणही असेल. तुम्ही विडी-सिगारेट ओढत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

आम्हांला मात्र 'बहुतेक' हा एकच शब्द ऐकू आला. तीस वर्षे मुलांना शब्दार्थ शिकविले. या एका शब्दाने आमची झोप उडविली. साधा खोकला आला तरी काळजात धस्स होई. अखेर आमची सौ. म्हणाली, "अहो, वाचून वाचून तो कागद झिजेल. चला, नर्मदामाईला भेटून येऊ."

महेश्वरच्या वाड्यात अहिल्याबाईंची साधी गादी आहे. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६६ त सासरे आणि १७६७ त पुत्र गेले. त्यानंतर १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालविले. तेथील लिंगार्चनाची परंपरा अजून चालू आहे. मातीची चिमुकली शिवलिंगे घडवायची, पूजायची आणि नर्मदेत सोडून द्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्ही बराच वेळ तेथे उभे होतो.

नंतर घाटावर आलो. वर ओंकारेश्वरचे धरण असल्याने येथे पाणी कमीजास्त होते. नावाड्याला आम्ही विचारले, "पाणी चढते आहे की उतरते?"

तो हसून म्हणाला, "बाबूजी, एकदा पाहून कसे सांगू? ही ओली पायरी ध्यानात ठेवा. बाणेश्वराचे दर्शन घेऊन येऊ, मग पाहा."

नदीच्या मध्यावरील त्या देवळाला जाऊन परतलो. पाणी त्याच पायरीवर होते.

डॉक्टरांचे सहा महिने म्हणजे हयगय नव्हे, हे आम्हांला तेथे उमगले. गाठ वाढत असली, तरी ती वाढ दिसण्याइतका काळ जावा लागतो. दोन चित्रांतील अंतर हीच खरी परीक्षा. रोज कागद उघडून पाहिल्याने पाणी कळत नाही.

घरी येताच तो कागद जुन्या एक्स-रेसह पाकिटात घालून कपाटात ठेवला आणि तपासणीची तारीख दिनदर्शिकेवर लिहिली. थुंकीतून रक्त पडले किंवा अकारण वजन घटले, तरच आधी जायचे, हे डॉक्टरांना विचारून ठरविले. भीतीला रविवारची सायंकाळ दिली. त्या वेळी सौ.पाशी मन मोकळे करावयाचे, एरवी शाळा.

फाल्गुनात दुसरे स्कॅन झाले. आदली रात्र जागूनच काढली, हे लपवीत नाही. गाठ होती तेवढीच आहे. पुढील तपासणी एका वर्षाने. तोवर दहावीच्या मुलांचे व्याकरण पुरे करावयाचे आहे.