‘गटात उत्साहाने सहभागी होते’

हे वाक्य मी किती मुलांच्या नोंदींत लिहिलं असेल, त्याची गणती नाही. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्याच्यासोबत वर्णनात्मक नोंदी आल्या. सत्र संपत आलं की दोन रात्रींत अख्ख्या वर्गाच्या नोंदी उरकायच्या. अशा वेळी हे वाक्य फार उपयोगी पडायचं. वाचायला बरं, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

गटकार्यावर माझी श्रद्धाच होती म्हणा ना. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा बघायला महाराष्ट्रभरातून शिक्षक जात होते, तेव्हा मीही जाऊन आले. आल्या आल्या बाकं भिंतीला सरकवली, मुलांना गोलात बसवलं, प्रत्येक गोलावर एक हुशार मूल गटप्रमुख नेमलं. रांगेत बसवून शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना मी मनातून मागासलेलं समजायचे, हेही सांगून टाकते. माझ्या वर्गातल्या तक्त्यांचे फोटो केंद्रप्रमुख काढून न्यायचे. कुमठ्याहून मी फक्त गोल उचलून आणला होता, हे तेव्हा कुठं कळत होतं!

सातवीचा वर्ग. एका गटाचा प्रमुख त्या दिवशी गावच्या जत्रेमुळे आला नव्हता. तास संपत आला तरी त्या गटाचा कागद कोराच. कोरा म्हणजे, चारी बाजूंनी लाल-निळा दुहेरी समास मात्र इतका सुबक की बघत राहावं.

“हे काय? पुढचं कुठाय?” मी जरा चढ्या आवाजात.

“पुढचं तो करतो बाई,” एक मुलगी म्हणाली. “मी समास आखते. ही रंग भरते. हा डिंक लावतो.”

“कधीपासून?”

“पाचवीपासून.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाचवीपासून तिची वर्गशिक्षिका मीच. दुपारी नोंदवही काढून पाहिली. पाचवीची दोन सत्रं, सहावीची दोन सत्रं, चारही ठिकाणी माझ्याच अक्षरात तेच वाक्य. प्रकल्पाचे गुणही गटाला मिळायचे तेवढेच तिला.

पुढे मॅक्स रिंगलमन या फ्रेंच शेतकी अभियंत्याबद्दल वाचलं. त्याने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला आणि 1913 मध्ये निष्कर्ष छापले. आठ जणांनी मिळून लावलेला जोर त्यांच्या एकेकट्याच्या जोराच्या बेरजेच्या निम्म्याच्या आसपास भरला. ताळमेळ चुकतो, हात सैल पडतात. आपल्याकडे दरवर्षी क्रीडादिनाला रस्सीखेच होते. मागची दोन मुलं नुसती दोरी धरून असतात, हे मला मैदानावर दिसायचं. वर्गात दिसलं नाही.

मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसनची युक्ती मला जास्त भावली. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांना पाण्यात पाहत होती. त्याने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचं हवं असेल तर शेजाऱ्याचं ऐकावंच लागणार. परीक्षा मात्र ज्याची त्याची.

मी पचनसंस्थेच्या पाठावर ते करून पाहिलं. गटप्रमुखपद रद्द. तोंड, जठर, यकृत, स्वादुपिंड, लहान आतडं अशा चिठ्ठ्या केल्या. समासवालीला स्वादुपिंड आलं, जत्रेवरून परतलेल्या प्रमुखाला यकृत. तो अडला. त्याच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की पित्तरसात विकर नसतात. “मग पित्त करतं काय?” हिच्या चिठ्ठीत मेद पचवणारं विकर होतं, पण तेलाचे मोठाले थेंब त्याच्या हाती लागणार कसे, ते नव्हतं. बराच वेळ दोघं गप्प. मग ती म्हणाली, “तेलकट ताट नुसत्या पाण्यानं निघतं का? आधी साबण लावतो की. तुझं पित्त साबण आहे. ते तेल फोडतं, मग माझं काम.” घरी भांडी तीच घासत असणार.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. वर्गात कालवा इतका की शेजारच्या वर्गातून निरोप आला. दोन गटांची भाकरी जठराच्या पुढे सरकलीच नाही. अशा चिठ्ठ्या करायला मला रविवार लागतो, त्यामुळे महिन्यातून दोनदाच जमतं. एरवी मी फळ्यासमोर उभी राहून शिकवते, बाकंही पुन्हा रांगेत आली आहेत. आणि तो जुना प्रमुख त्या दिवशी घरी जाताना थांबून म्हणाला, “बाई, मी एकट्याने केलं असतं तर वीस मिनिटांत झालं असतं.”

झालं असतं, यात शंका नाही. मी तसं त्याला सांगितलंही. त्या सत्राच्या नोंदी लिहायला मला आठवडा लागला. तिच्या रकान्यात लिहिलं, ‘पित्तरसाचं कार्य साबणाच्या उदाहरणाने समजावून सांगते.’ त्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. तो शेवटपर्यंत ऐकत बसला होता, एवढंच मी पाहिलं होतं. तेच लिहिलं.