घरची पत आणि मुलाची पत

रत्नागिरीच्या बाजारांत पूर्वीं एखादा तरुण उधारीस आला, तर दुकानदार त्याचें नांव विचारीत नसे, "कोणाचा रे तूं?" एवढेंच विचारी. उत्तर मिळालें कीं माल मिळे. पत ही घराची असे व मुलास ती आयती लाभे. ही रीत आतां गेली, आणि ती गेल्याचें आम्हांस सर्वस्वीं वाईट वाटत नाहीं.

आमच्या एका पुतण्यानें कर्ज काढून आंब्याच्या बागा खंडानें घेतल्या होत्या. 2021 च्या मे महिन्यांत तौक्ते वादळानें झाडावरचा उरलासुरला आंबा भुईवर आला. हप्ते थकले. तेव्हां तो ऐन पंचविशींत, म्हणूं लागला, "काका, नादारीचा अर्ज करतों. एकदांचा सुटतों."

सुटणें इतकें सोपें नाहीं. 2016 सालीं नवा कायदा झाला खरा, परंतु कंपन्यांचे जामीनदार वगळतां व्यक्तींविषयींचा त्यांतील भाग अद्याप लागू नाहीं. आपल्या जिल्हा न्यायालयास 1920 चाच कायदा पाहावा लागतो. मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यांत जाते व मुक्ततेचा हुकूम झाल्यावर बहुतेक देणें सुटतें. तोंपर्यंत आपण नादार आहों हें न सांगतां कोणाकडून 50 रुपये उधार घेतले, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. पन्नास रुपयांत आज हापूसचा डझनही येत नाहीं, पण कायद्यानें आपला आंकडा सोडलेला नाहीं!

शिवाय 2005 च्या कायद्याखालीं पतमाहिती कंपन्या प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवितात व 300 ते 900 पर्यंत गुण देतात. ही माहिती निदान सात वर्षें जपावी असा नियम आहे. न्यायालयानें देणें सोडविलें, तरी ही वही कोरी होत नाहीं. पंचविशींतल्या मुलाचीं सात वर्षें म्हणजे त्याचें लग्न, बिऱ्हाड आणि धंदा.

तरीही आम्हीं त्यास अडविलें तें याकरितां नव्हे. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून वहिनींची सही होती. नादार मुक्त झाला, तरी त्याच्याबरोबर बांधलेला सहकर्जदार वा जामीनदार मुक्त होत नाहीं. मुलगा सुटला असता आणि बँक आईच्या दारीं आली असती! बापाचें ऋण केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाकडून वसूल करण्याचा हक्क 9 सप्टेंबर 2005 नंतरच्या कर्जांपुरता कायद्यानें काढून टाकला. पण सहीचें बंधन कोणी काढलें नाहीं. एकत्र कुटुंबांत "कर हो सही" म्हणून कागद पुढें सरकवितात, तेव्हां तो वाचण्याची रीत आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांच्या बाबतींत, नाहीं.

वहिनींचें नांव ऐकतांच मुलगा गप्प झाला. पुढें त्यानें बँकेकडून हप्ते नव्यानें बांधून घेतले. तीही नोंद वहींत चढलीच. गेल्या महिन्यांत त्याच्या धाकट्या भावास स्वतःच्या नांवावर दुचाकीचें कर्ज मिळालें. थोरल्याचें थकलेलें खातें त्याच्या आड आलें नाहीं. थोरला अद्याप खत रोखीनें आणतो.