पसुपु आणि हळद

आबिड्सच्या आमच्या इमारतीत हळदीला दोन नावे आहेत. शेजारच्या तेलुगू वहिनी दर शुक्रवारी उंबऱ्याला ‘पसुपु’ लावतात. आमच्याकडे तिचीच हळद होते आणि फोडणीत, लोणच्यात, चैत्राच्या हळदीकुंकवात जाते. बोट कापले तर चिमूटभर जखमेवरही दाबली जाते.

या दाबण्याचे एकदा पेटंट झाले होते. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ते १९९५ साली मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून १९९७ साली ते रद्द करविले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. परंतु फायली वाचण्यात हयात गेल्यामुळे म्हणा, मला निकालाचे कारणही पाहावेसे वाटते. हे ज्ञान नवे नाही, एवढेच तेथे ठरले. हळदीने जखम खरोखर भरते का, हा प्रश्न तेथे नव्हताच.

आमचे काही स्नेही मात्र गुडघ्यांसाठी हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेतात आणि दोन दिवसांत गुण आला म्हणून अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात. हळदीतील कर्क्युमिन शरीरात सहजी शोषले जात नाही. त्यासाठी पुष्कळदा गोळीत मिऱ्याचा अर्क घालतात, आणि अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. वरणातल्या चिमटीवर असा आरोप नाही.

ती चिमूट शुद्ध मात्र हवी. पिवळेपणा खुलावा म्हणून हळकुंडांना शिसेयुक्त रंग चोपडण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला फार घातक. घरात नातवंडे आहेत. आमच्या सौभाग्यवती निजामाबादची हळकुंडे निवडून घेतात. फार झळाळणारी दिसली की दुकानदाराला परत करतात.