अग्नीच्या शेजारीं

तीस वर्षें आम्हीं भूगोलाच्या तासाला फळ्यावर ज्वालामुखी काढला: एक शंकु, मध्यें नळी, वर धूर. प्रत्यक्ष मात्र कधीं पाहिला नव्हता. सन 2019 च्या जानेवारींत अमेरिकेंत असलेल्या आमच्या पुतण्यानें आम्हांस मध्य अमेरिकेंतील ग्वाटेमाला देशीं नेलें, तेव्हां तो योग आला.

मुक्काम आंटिगुवा या जुन्या स्पॅनिश राजधानींत होता. रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे आंखलेले, घरें बैठीं, कौलारू. आंत चौक पाहून वाड्याचीच आठवण व्हावी. चर्चें मात्र बरींच भग्न. सन 1773 च्या भूकंपानें शहर पडलें, 1776 त राजधानी हलली. सर्वांनीं निघून जावें असे हुकूम सुटले, तरी कांहीं मंडळी राहिलींच. त्यापूर्वींची राजधानी तर 1541 त चिखलाखालीं गेली. अतिवृष्टीनें शेजारच्या डोंगराची कड सुटली. विजेता आल्वारादो याची विधवा बेआत्रीस, नुकतीच राज्यपाल झालेली, प्रार्थनागृहांत आश्रयास गेली व तेथेंच दगावली. त्या डोंगरास 'आग्वा', म्हणजे पाणी, म्हणतात.

दुसरे दिवशीं पाकाया पर्वतावर गेलों. उंची सुमारें साडेआठ हजार फूट. 1961 पासून हा वारंवार भडकत आला आहे. पायथ्याशीं पोरें घोडे घेऊन मागें लागलीं. दरसाल सिंहगड चढणाऱ्यास घोडा कशाला, असें आम्हीं ऐटींत सांगितलें. पुढें काळी रेती लागली. पाऊल टाकावें आणि निम्में मागें यावें. "काका, आतां हट्ट पुरे," पुतण्या म्हणाला. निमूटपणें घोड्यावर बसलों.

वर काळा, खरबरीत दगड पसरलेला. वाटाड्यानें एका भेगेंत काठी घातली. क्षणांत ती पेटली. शमीच्या गर्भांत अग्नि असतो असें आपण पढतों. येथें तो दगडाच्या गर्भांत पाहिला. आपला सह्याद्रि हाच रस, सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं निवालेला, हें आम्हीं कितीदां शिकविलें होतें!

वाटाड्या पायथ्याच्याच गांवचा. पुतण्याकडून विचारलें, "असा डोंगर उशाशीं असतां येथें कां राहतां?" तो म्हणाला, "2010 च्या मे महिन्यांत दगडांनीं छप्पर फोडलें. नवे पत्रे घातले. शेत इथें आहे." मग त्यानें उलट विचारलें, "तुमच्या गांवाला कसलेंच भय नाहीं काय?"

आम्ही निरुत्तर झालों. 1961 च्या जुलैंत पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां आम्ही तीन वर्षांचे होतों. पाणी ओसरल्यावर वडील मंडळींनीं घमेल्यांनीं चिखल उपसून त्याच वाड्यांत पुन्हां चूल पेटविली. 'परत कां आलांत?' असें वडिलांस विचारण्याचें आम्हांस कधीं सुचलें नाहीं, आणि आतां विचारण्यास ते नाहींत.

रात्रीं आंटिगुवाच्या गच्चीवरून 'फुएगो' दिसला. आदल्या जूनच्या 3 तारखेस त्यानें लोस लोतेस ही वस्ती माणसांसकट गाडली होती. अधूनमधून माथ्यावर लाल ठिणगी उडे; आवाज मागाहून येई. खालीं घरधनीणबाई सकाळसाठीं घेवडा भिजत घालीत होत्या. त्यांनीं एकदांही वर पाहिलें नाहीं.